नातीचा पिवळा रंग

माझ्या नातीला कावीळ झाली, तेव्हा मी ती कम्प्युटरवर बरी केली. डॉक्टर नाही, दवाखाना नाही, औषध नाही. माउसने एक रेघ जराशी खाली ओढली आणि पोरगी गुलाबी झाली. वर तिचा फोटो छापून लेकीपुढे मिरवला. पोरगी मात्र वरच्या खोलीत पिवळीच होती, आणि दर दिवशी आणखी पिवळी होत होती.

आता ती नात माझ्यापेक्षा हातभर उंच आहे, म्हणून मला हे लिहिता येतं. तेव्हाची मी म्हणजे पन्नाशीची, नुकताच चष्मा लागलेली आणि नुकतीच आजी झालेली बाई. दोन्हींची सवय व्हायची होती. चष्मा कपाळावर असायचा आणि आजीपण नुसतं तोंडात.

आमचा फोटो स्टुडिओ नर्मदेकाठच्या आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, दीक्षितपुऱ्यात होता, खाली दुकान आणि वर घर. छत्तीसगड वेगळं होऊन काही वर्षं झाली होती. रोलचे कॅमेरे माळ्यावर गेले होते आणि डार्करूमच्या ओट्यावर यांनी मोठा इंकजेट प्रिंटर आणून बसवला होता. फोटो काढायचं काम यांचं, छापायचं माझं. उभं आयुष्य मी त्या खोलीत लाल दिव्याखाली कागद धुतले होते, त्यामुळे रंगातलं मला कोणी शिकवू नये असा माझा तोरा होता. लाल दिव्याखाली रंग मुळात दिसतच नाही, ही बारीकशी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

तोरा उतरला तो सराफ्यातल्या एका गिऱ्हाईकामुळे. त्याने आजोबांचा जुना काळापांढरा फोटो मोठा करायला दिला होता. मी छापला. दुकानात बरा वाटला. बाहेर उजेडात नेल्यावर त्याने तो नाकाशी धरला आणि अतिशय अदबीने विचारलं, "भाभीजी, दादाजी पर काई जम गई है क्या?"

खरंच, आजोबा हिरवे होते. शेवाळलेल्या हौदासारखे. काळापांढरा फोटो प्रिंटर काही निव्वळ काळ्या शाईतून काढत नाही. लाल, निळी, पिवळी, सगळ्या शाया थोड्या थोड्या मिसळून करडा रंग करतो. एखादी शाई कणभर जास्त पडली की करड्याचं हिरवं होतं, नाहीतर जांभळं. रंगीत फोटोत हे खपून जातं. काळ्यापांढऱ्यात लपायला जागाच नसते.

यांचे एक मित्र नागपूरला मोठी लॅब चालवायचे. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या प्रिंटरची प्रोफाइल बनवा. तुमचा कागद, तुमची शाई, तुमचं मशीन, ह्याची खास." आणि त्यांनी आपलं रंग मोजायचं यंत्र आठवड्याच्या बोलीवर आमच्याकडे दिलं.

प्रोफाइल म्हणजे काय, हे मला स्वयंपाकघरातूनच समजलं. एखाद्या बाईचा हात मिठाला सढळ असतो. तिला चमचाभर सांगितलं की ती दीड चमचा टाकते. आपल्याला ते ठाऊक असलं की आपण आधीच कमी सांगतो आणि भाजी बरोबर होते. प्रिंटरचंही तसंच. त्याच्याकडून रंगीत चौकोनांचा एक भला मोठा तक्ता छापून घ्यायचा, आणि छापताना त्याला कुठलीही मदत करायची नाही, त्याचा हात जसा आहे तसा पडू द्यायचा. मग त्या यंत्राने एकेक चौकोन मोजायचा. आपण काय मागितलं होतं आणि याने काय वाढलं, हे कम्प्युटर ताडून पाहतो आणि त्या प्रिंटरच्या हाताची एक फाइल करून ठेवतो. पुढे प्रत्येक फोटो त्या फाइलमधून गाळून गेला की करडं ते करडं येतं.

ऐकायला सोपं. पण त्या यंत्राला मी जेवढी भ्यायले तेवढी सासूबाईंनाही कधी भ्यायले नाही. परक्याची वस्तू, मुठीत मावेल एवढी, आणि आमच्या घरात फरशीवर पडल्याशिवाय कुठलीच वस्तू जुनी होत नसे. मी दार लावून, पंखा बंद करून, बांगड्या काढून ते हातात घ्यायची. तक्त्यावरच्या एकेका ओळीवरून सरकवताना श्वास धरायची. ओळ नीट मोजली गेली की ते बारीकसं वाजायचं आणि मी दचकायची. दचकले की पुढची ओळ वाकडी.

पहिल्या वेळी मी घाई केली. तक्ता छापून निघाला तसा लगेच मोजला. शाई ओली असताना रंग वेगळा असतो आणि वाळल्यावर वेगळा, हे मला माहीत होतं. कुरडयांचं आणि रांगोळीचं मला सगळं माहीत होतं. पण मशीनसमोर बसले की माझी अक्कल चपलेसोबत दाराबाहेर राहायची. त्या प्रोफाइलने आजोबा पिवळे निघाले.

यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "वा. काई गेली, आता कावीळ झाली."

मी तीन वेळा तरी म्हटलं असेल की मशीनच बिघडलेलं आहे. मग गुपचूप दुसरा तक्ता छापला, रात्रभर वाळू दिला, आणि सकाळी देवाचं नाव घेऊन मोजला. आता त्याची प्रोफाइल खरी झाली की नाही हे पाहायला माणसाचा चेहरा हवा होता. कातडीच्या रंगात चूक सगळ्यात आधी दिसते. आणि चेहरा तर घरातच होता, नवा कोरा.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नर्सिंग होममधून नुकतीच घरी आणली होती. वरची आतली खोली तिची. दीक्षितपुऱ्याच्या बोळात आधीच ऊन जपून येतं. त्यात मी खिडकीला जाड पडदा लावलेला, कोपऱ्यात शेगडी, आणि उबेसाठी पिवळा बल्ब दिवसभर चालू. बाळाला बेसन-हळद लावून अंघोळ. त्या खोलीत आम्ही सगळेच हळदीला बसल्यासारखे दिसायचो.

बारशाआधी बाळाचा फोटो काढत नाहीत, नजर लागते, असं आमच्याकडे मानतात. लेकीला मी म्हटलं, "फोटो नाही ग, टेस्ट आहे." अंघोळ झाल्यावर पोरीला नुसत्या लंगोटात, पांढऱ्या टॉवेलवर, गच्चीच्या दाराशी सावलीत निजवलं. गालाला तीट लावली. टॉवेलच्या कोपऱ्यात करडं कार्ड ठेवलं. ते कार्ड फोटोत असलं की उजेडाचा रंग कसा होता ते समजतं. पटकन दोन फोटो काढले आणि तिला परत आत नेऊन ठेवलं.

फोटो छापला. पोरगी पिवळी निघाली.

यंत्र दोन दिवसांत परत जायचं होतं. पुन्हा चुकलं, पुन्हा हसतील, नागपूरचे ते मित्र विचारतील "झालं का वहिनी", काय सांगू? बाळ पिवळं आहे हा विचार मनात आला नाही. एकदाही नाही. आधी आजोबा पिवळे निघाले होते, आता नात; दोष माझ्या मापाचाच. इतकी मी स्वतःच्या चुकीला भ्यायलेली होते की दुसरं काही चुकू शकतं हे मला सुचलंच नाही.

मग मी तो उपाय केला. फोटोतला पिवळा खाली ओढला. थोडा अजून. पोरगी गुलाबी व्हायला लागली, जाहिरातीतल्या साबणाच्या बाळासारखी. टॉवेल मात्र निळसर दिसायला लागला. मी म्हटलं, कपड्यांना नीळ जास्त झाली असेल. कार्डाचा कोपरा कापून टाकला. झकास फोटो. दोन प्रती काढल्या, एक जावयाच्या घरी पाठवायला लिफाफ्यात घातली आणि एक घेऊन वर गेले.

लेक बाळाला पदराखाली घेऊन बसली होती. बाळ झोपलेलं.

"आई, ही पीतच नाही न. दोन घोट घेते अन् झोपून राहते. काहून करते अशी?"

"लेकरं झोपतातच. तू तर दूध प्यायला उठायचीच नाही, नाक दाबून उठवत होती मी तुला."

"तशी झोप नाही वाटत मला. ढिली पडून राहिली."

"अग, हे बघ तर." मी फोटो तिच्यासमोर धरला. "बघ किती छान दिसून राहिली. गुलाबासारखी! आजारी लेकरू असं दिसते का?"

तिने फोटो पाहिला, बाळाकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. त्या बल्बखाली दोन्ही पिवळेच दिसत असणार. "नसन," ती म्हणाली. तिला वाटलं, आईला कळतं.

हे वाक्य लिहायला मला वेळ लागला. बाकी सगळ्याची मी थट्टा करू शकते.

तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बांधून ठेवायच्या आधी मला हुशारी सुचली. नातीच्या फोटोत जेवढा पिवळा कमी केला, तेवढाच प्रोफाइलमध्येच कायमचा कमी करून टाकावा, म्हणजे पुढे कटकट नको. तसं केलं आणि सराफ्यातल्या आजोबांना छापलं. आजोबा निळे. थंडीत नर्मदेत बुडी मारून आल्यासारखे.

चरफडत मी ती हुशारी काढून टाकली आणि प्रोफाइल होती तशी ठेवून पुन्हा छापलं. कागद हळूहळू बाहेर आला. आजोबा करडे होते. मिशा करड्या, फेटा करडा, मागची भिंत करडी. ना हिरवा, ना जांभळा, ना पिवळा. दाराशी नेऊन पाहिले, तरी करडे. इतका निर्मळ करडा मी जन्मात छापला नव्हता.

मला आनंद झाला. तो किती वेळ टिकला असेल? कागद खाली ठेवेपर्यंत.

प्रोफाइल बरोबर होती. याच प्रोफाइलने परवा नात छापली होती. याच कागदावर, याच शाईने.

मी कचऱ्याच्या डब्यातून परवाचा पहिला, पिवळा फोटो काढला. चुरगळला होता, तो सरळ केला. कोपऱ्यातलं कार्ड पाहिलं. करडं होतं. डोळ्यांवर विश्वास नव्हता म्हणून यंत्र लावलं. घाईत ते वाकडं सरकलं आणि दोनदा वाजलंच नाही. तिसऱ्यांदा वाजलं. आकडा आला तो करड्याचाच. टॉवेल पांढरा होता, तीट काळी होती, कार्ड करडं होतं. त्या कागदावर सगळं जिथल्या तिथे होतं, आणि मधोमध माझी नात पिवळी होती.

मी जिना कशी चढले ते माहीत नाही. वर जाऊन पहिल्यांदा पडदा ओढला. लेक किंचाळली, "आई, हवा लागन तिले!" मी बल्ब बंद केला, बाळाला उचलून गच्चीच्या दारात नेलं. कपाळावर बोट दाबून उचललं. बोटाखालची जागा पांढरी पडायला हवी होती, ती लिंबासारखी पडली. पोटावर दाबलं, तेच. तळपायावर दाबलं, तेच. डोळा उघडावा म्हणून गालाला टिचकी मारली. बाळ रडलं नाही. पापणी जराशी उचलली गेली आणि आतलं पांढरं पिवळं होतं.

"काय झालं?" लेक विचारत होती. "आई, काय झालं? बोल न!"

"रिक्षा बोलवा म्हण बाबांना," मी म्हटलं.

विजय नगरला मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या, तिथे नेलं. रिक्षात लेकीने बाळाला छातीशी धरलं होतं आणि सारखी तिच्या नाकापुढे बोट नेऊन श्वास पाहत होती. हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले. मी पर्स मांडीवर घट्ट धरलेली. पर्समध्ये तो चुरगळलेला फोटो होता. तो मी का उचलला, मला सांगता येणार नाही. सगळ्या रस्त्याने एकच ठरवत होते की तो बाहेर काढायचा नाही.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला उजेडात उघडं केलं, छातीवर, मांडीवर, तळपायावर बोट दाबलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "खून भेजो, अर्जेंट," त्या नर्सला म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. "पीली कब से दिख रही है?"

लेक म्हणाली, "आज से. अभी मम्मी ने देखा."

"पक्का आज से? देखिए, मुझे ये जानना ज़रूरी है कि कितनी तेज़ी से बढ़ रहा है. उसी से तय होगा कि लाइट से काम चलेगा या खून बदलना पड़ेगा."

खून बदलना. एवढ्याशा बाळाचं सगळं रक्त. लेकीने भिंत धरली.

मी खाली पाहत होते. मला डॉक्टरीणबाईंची भीती वाटत होती, विहीणबाईंची वाटत होती, पण सगळ्यात जास्त भीती माझ्या शेजारी उभ्या असलेल्या त्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीची वाटत होती. तिच्या डोळ्यांपुढे ती पर्स उघडायची. आयुष्यात मी इतकी कोणालाच घाबरले नाही.

पर्सची चेन अडकली. अडकली तर राहू दे, असंही एक क्षण वाटलं. मग मी ती ओढून तोडली आणि फोटो टेबलावर ठेवला.

"परसों सुबह का है जी."

डॉक्टरीणबाईंनी फोटो खिडकीशी नेला. "ये कलर सही है? फोटो में तो कुछ भी आ जाता है."

"सही है जी."

"आपको कैसे पता?"

"नापा हुआ है," मी म्हटलं. "वो कोने में ग्रे कार्ड है न, वो ग्रे आया है. टॉवेल सफ़ेद है. मैं यही काम करती हूँ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाळाच्या पायांकडे, मग फोटोतल्या पायांकडे. "परसों पेट तक था. पैर साफ़ हैं. आज तलवों तक है." त्यांनी फोटो मला परत दिला नाही, केसपेपरला टाचणीने लावला. "इलाज तो खून की रिपोर्ट से होगा, फोटो से नहीं. पर अच्छा किया जो ले आईं." आणि नर्सला, "लाइट चालू करो, रिपोर्ट का इंतज़ार मत करो."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. परवा मी तिला दाखवलेला फोटो वेगळा होता, हे तिला त्या क्षणी समजलं. ती बाळाकडे वळली.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि वर निळे दिवे लावले. मी काचेला नाक लावून उभी राहिले. त्या निळ्या उजेडात काहीच ओळखू येत नव्हतं. पोरगी पिवळी आहे, कमी पिवळी झाली, काळी आहे की निळी आहे, काही नाही. टॉवेल निळा, हात निळे, नर्सचा चेहरा निळा. श्वासाने पोट वर होतं का, एवढं पाहायचं. कधी वाटायचं झालं नाही, आणि माझाच श्वास थांबायचा. मग व्हायचं.

लेक बाकावर बसली होती. दर थोड्या वेळाने नर्स तिला आत बोलवायची, दूध काढून चमच्याने पाजायला. येता-जाता ती माझ्या समोरून जायची आणि माझ्याकडे पाहायची नाही. यांनी चहा आणला. मला दिला, तिला दिला. ती म्हणाली, "नको बाबा." मी पण नको म्हटलं. हे दोन्ही हातांत दोन पेले धरून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. एरवी मी हसले असते.

मी मनात हिशोब मांडत होते. परवाच आणलं असतं तर. तिने "ढिली पडून राहिली" म्हटलं, तेव्हाच पडदा सारला असता तर. मी काय केलं होतं? लेकीला शंका आली होती, ती मी एका कागदाने गप्प केली. स्वतः बनवलेल्या खोट्या कागदाने.

संध्याकाळी दुसरं रक्त घेतलं. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा आम्ही तिघंही उठून उभे राहिलो, कोर्टात राहतात तसे. "बढ़ना रुक गया है," त्या म्हणाल्या. "थोड़ा उतरा भी है. अभी खून नहीं बदलेंगे. लाइट चालू रहेगी."

लेक रडायला लागली. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी पुढे झाले आणि थांबले. मला हक्क आहे की नाही, ते समजेना.

दुसऱ्या दिवशी बाळ मोठ्याने रडलं. भुकेने रडलं. अख्ख्या दवाखान्यात एवढा गोड आवाज कोणी काढला नसेल. आणखी एक दिवस ठेवून आम्हाला घरी सोडलं. घरी आल्यावर मी कोणाला न विचारता तो जाड पडदा काढून टाकला, बल्ब बदलून पांढरी ट्यूबलाइट लावली, आणि दोन्ही गुलाबी फोटो फाडले, लिफाफ्यातलाही. लेक पलंगावरून हे सगळं पाहत होती. घर आवरून झालं तरी ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. "पाणी दे." "टॉवेल दे." मीही कामापुरतीच होते.

यंत्र नागपूरला गेलं. बारसं झालं. विहीणबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, चांगली आहे म्हणाल्या, आणि जाताना म्हणाल्या की पोरीचा एक फोटो द्या, भिंतीला लावायला. मी "हो" म्हटलं. ते गेल्यावर मी कॅमेरा घेऊन लेकीच्या दाराशी गेले. आत जायची हिंमत होईना. बाहेरूनच विचारलं, "काढू का ग?"

ती बाळाला पाजत होती. तिने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. मग म्हणाली,

"काढ. पण जशी निघन तशीच राहू देजो, अन् छापली की पहिले मले हाक मारजो."